लैंगिक संसर्गासाठी पहिल्या धारेची लघवी

लघवीची रुटीन तपासणी आणि कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, दोन्ही निर्दोष आले म्हणजे आपल्याला कोणताही लैंगिक संसर्ग नाही, असे पुष्कळ लोक धरून चालतात आणि हा समज मला फार घातक वाटतो. क्लॅमिडिया या लैंगिक संसर्गाचा जीवाणू पेशीच्या आतच वाढत असल्याने नेहमीच्या कल्चरमध्ये तो उगवत नाही. गनोरियाच्या, म्हणजे परम्याच्या, जीवाणूलाही वाढायला वेगळे पोषक माध्यम लागते. हे दोन्ही शोधायचे असतील तर त्यांचा जनुकीय अंश ओळखणारी तपासणी नाव घेऊन मागावी लागते. कोविडमुळे घरोघरी माहीत झालेली पीसीआर याच जातीची.

तिच्यासाठी नमुना देण्याची रीत मात्र नेहमीच्या उलट आहे. कल्चरसाठी जागा धुऊन, पहिली धार सोडून, मधली धार डबीत घ्यायला सांगतात, कारण त्वचेवरचे जंतू नमुन्यात नको असतात. इथे मूत्रमार्गाच्या अस्तराला चिकटलेले जंतूच हवे असतात आणि ते सुरुवातीच्या धारेबरोबर वाहून येतात. म्हणून त्याआधी निदान 1 तास लघवी न करता, जागा न धुता, पहिली 20 ते 30 मिलिलिटर लघवीच डबीत घ्यायची. डबी काठोकाठ भरली तर नमुना विरळ होतो आणि असलेला संसर्गही निसटू शकतो. प्रयोगशाळेत हे कोणी सांगितले नाही, तर संकोच सोडून विचारावे.

स्त्रियांसाठी योनीमार्गातून स्वतः घेतलेला स्वॅब लघवीपेक्षा अधिक भरवशाचा असतो. तरीही ज्या तरुणीला तोही नको वाटतो, तिने लघवी तरी द्यावी; क्लॅमिडिया बहुतेक स्त्रियांमध्ये कोणतेही लक्षण न दाखवता राहतो आणि पुढे गर्भनलिकांना इजा करू शकतो. घशातला किंवा गुदद्वारातला संसर्ग लघवीत दिसत नाही, आणि सिफिलिस व एचआयव्हीसाठी रक्तच तपासावे लागते.

सरकारी रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’ या लैंगिक आजारांच्या दवाखान्यांमध्ये मुख्यतः लक्षणे पाहून मोफत औषधे देतात. पू किंवा जळजळ असणाऱ्याला पहिल्याच भेटीत उपचार मिळतो, ही या पद्धतीची मोठी जमेची बाजू आहे. परंतु ज्याला काहीच त्रास नाही, तो तिच्यातून सुटतो, आणि त्याच्यासाठीच लघवीची ही तपासणी मोलाची आहे.

उपचारानंतर लगेच पुन्हा तपासणी करू नये, कारण मेलेल्या जीवाणूंचा अंश काही आठवडे नमुन्यात सापडून अहवाल पॉझिटिव्ह येऊ शकतो. जोडीदाराचाही उपचार करून घ्यावा, आणि सुमारे 3 महिन्यांनी पुन्हा पहिल्या धारेचा नमुना द्यावा.