मी शुद्धीत नसताना सही कोणाची?

मागच्या श्रावणात मला डेंग्यू झाला. अकरा दिवस नागपुरात धंतोलीतल्या एका दवाखान्यात होते, त्यातले चार दिवस शुद्ध नव्हती. मला त्या चार दिवसांतलं काही आठवत नाही. माझ्या धाकट्या भावाला मात्र सगळं आठवतं, कारण माझं खामल्यातलं फिजिओथेरपी आणि मसाजचं सेंटर तेव्हा त्यालाच पाहावं लागलं.

सेंटर छोटं आहे. तीन टेबलं, कामाला दोन मुली, पाच तारखेला भाडं, सात तारखेला पगार. चालू खातं माझ्या एकटीच्या नावावर. चेकबुक ड्रॉवरमध्ये होतं, पण सही करणारी आयसीयूत. वर्ध्याहून धावत आलेला भाऊ बँकेत गेला. मॅनेजरसाहेबांनी बसवलं, माझी विचारपूस केली आणि पैसे देता येणार नाहीत म्हणून सांगितलं. त्यांचं काहीच चुकलं नाही. दहा-दहा सिटिंगचे पैसे आधी भरलेले पेशंट दारावर येऊन परत जात होते. कोणाच्या किती सिटिंग उरल्या, ते माझ्या फोनमध्ये, आणि फोनचं कुलूप फक्त मला माहीत.

भाडं भावाने स्वतःच्या खिशातून भरलं. पगार नऊ दिवस लांबले. दोघींपैकी एक एकटीच्या जिवावर घर चालवते. मुलाची फी भरायला तिने कानातले गहाण ठेवले होते, हे मला थेट दिवाळीत कळलं. ती स्वतः एका शब्दाने बोलली नव्हती. त्या रात्री मी ठरवलं, हे परत होऊ द्यायचं नाही.

माझी आतेबहीण टेक्ससमध्ये लायसन्स्ड मसाज थेरपिस्ट आहे. तिने तिचं मुखत्यारपत्र दाखवलं, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद. तिथे सरकारी नमुनाच मिळतो, त्यात धंद्याचे व्यवहार असा वेगळा रकाना असतो, आणि 'मी अक्षम झाले तरी हा अधिकार चालू राहील' असं लिहिता येतं. तिकडे त्याला ड्युरेबल म्हणतात. मी तोच कागद मराठीत उतरवून वकीलसाहेबांकडे नेला.

त्यांनी शांतपणे वाचला आणि म्हणाले, "ताई, ज्या चार दिवसांसाठी तुम्ही हा करताय, नेमका त्याच चार दिवसांत हा आपल्याकडे चालणार नाही."

आपला करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम २०१ प्रमाणे अधिकार देणारा माणूस वारला किंवा त्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही, की मुखत्याराचा अधिकारही संपतो. कोणी कोमात गेलं तर घरच्यांना हायकोर्टात जाऊन पालक नेमून घ्यावा लागतो. सिव्हिल लाइन्समधलं आपलं खंडपीठ मी रोज जाता-येता पाहते, पण आपल्या भावाला दोन मुलींच्या पगारासाठी तिथे उभं राहावं लागेल, असं कधी मनात आलं नव्हतं.

तरी मुखत्यारपत्र केलंच. हात मोडला, गावाला गेले, अंथरुणावर पडले पण शुद्धीत आहे, अशा वेळी ते कामाला येतं. सगळ्या व्यवहारांचा अधिकार देणारं कुलमुखत्यारपत्र नको म्हटलं, ठरावीक कामांपुरतं खास केलं: भाडं, पगार, वीजबिल आणि पेशंटच्या उरलेल्या सिटिंगचे पैसे परत देणं, एवढंच. कर्ज काढणं नाही, मशीन विकणं नाही. भावावर अविश्वास नाही. पण त्याला उद्या कोणी प्रश्न विचारला, तर कागदावर सगळं स्पष्ट असावं. बँकेचा फॉर्म वेगळा असतो, तोही तेव्हाच भरून दिला.

शुद्ध हरपल्यावरचा रस्ता म्हणजे भागीदारी. भाऊ आता सेंटरमध्ये दहा टक्क्यांचा भागीदार आहे. फर्मच्या खात्यावर दोघांपैकी कोणाचीही सही चालते, आणि तो सही करतो ती स्वतःच्या हक्काने, माझा मुखत्यार म्हणून नाही. १९३२ च्या भागीदारी कायद्यात एक भागीदार भानावर नसला म्हणून फर्म आपोआप मोडत नाही, त्यासाठी कोर्टात जावं लागतं. मी वारले तर मात्र दोघांची फर्म तिथेच संपते. म्हणून दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्रही केलं. हे सगळं करताना फर्मचं नवं पॅनकार्ड, शॉप अॅक्टमधला बदल आणि घरमालकांशी नवा भाडेकरार, यात तीन महिने गेले.

एक गोष्ट कोणत्याच कागदाने होत नाही. फिजिओथेरपिस्ट म्हणून कौन्सिलकडची नोंदणी माझी आहे. मुखत्यार असो की भागीदार, भाऊ कोणाच्या आखडलेल्या मानेला हात लावू शकत नाही. प्रतापनगरातल्या एका फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीशी मी लेखी ठरवलंय: माझे पेशंट ती पाहील, तिचे मी. वह्या दोन केल्या. एकीत नाव, फोन, वेळ आणि उरलेल्या सिटिंग. ती भावाला उघडता येते. दुसरीत पेशंटचं दुखणं, ऑपरेशन, बाळंतपण. ती कुलुपात असते आणि गरज पडली तर फक्त मैत्रिणीच्या हातात जाईल. बायका टेबलावर पालथ्या पडून मला जे सांगतात, ते माझ्या सख्ख्या भावानेही वाचायचं नाही.

या महिन्यात मी ठणठणीत आहे. तरी भावाला वर्ध्याहून बोलावून पगाराचे दोन्ही चेक त्याच्या सहीने दिले. सात तारखेला दोन्ही वटले.