भांडीबाजार ते इंदिरानगर: एका व्हिडिओवाल्या दुकानाची वाटचाल

धंदा कधी सुरू केला असं कोणी विचारलं की मी २००६ सांगतो, कारण त्या वर्षी नाशिकात गाळ्याची पावती माझ्या नावावर झाली, पण खरं तर सुरुवात झाली ती हॅलोजन धरण्यापासून. मामाचं व्हिडिओ शूटिंगचं काम होतं, खांद्यावर पॅनासॉनिकचा एम-९०००, त्याच्या पोटात सरळ व्हीएचएसची मोठी कॅसेट, आणि मागे मी हजार वॅटचा हॅलोजन वर धरून उभा. नवरीच्या तोंडावर लाइट गेला की ती डोळे मिटणार आणि मामा ओरडणार, "अरे वर मार, मंडपाच्या कापडावर मार!" याला बाउन्स लाइट म्हणतात आणि लोक पैसे देऊन हे शिकतात, हे मला दहा वर्षांनी कळलं.

सिनेमाचं वेड आधीपासूनच. सर्कलला, हेमलताला पिक्चर लागला की पहिल्या आठवड्यात जायचं म्हणजे जायचंच, पैसे नसले तर बाहेर उभं राहून नुसते डायलॉग ऐकायचे. शाळेची सहल पांडवलेणीला जायची तेव्हा गुरुजी सांगायचे, दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकचे, १८७० चा जन्म, आणि गेलेही नाशिकलाच १९४४ मध्ये. पोरांना त्यात काय, पोरं पळायची. मला मात्र एक गोष्ट डोक्यात बसली होती, की या माणसाने भांडवल मिळवायला आधी काय केलं तर वाटाण्याचं रोप उगवताना रोज थोडं थोडं शूट केलं आणि ते पैसेवाल्याला दाखवलं. म्हणजे आज आपण ज्याला टाइमलॅप्स म्हणतो ते, १९१२ मध्ये, हाताने हँडल फिरवायच्या कॅमेऱ्यावर. आणि आमचा एक क्लायंट मला म्हणतो टाइमलॅप्सचे वेगळे पैसे कशाला, मोबाइलमध्ये असतो की! असो.

तर २००६. आयटीआयला रेडिओ-टीव्हीचा ट्रेड केलेला, रिपेरिंग येत होतं, त्यावर सहा वर्षं काढून, बायकोची एक एफडी मोडून सोनीचा सेकंडहँड पीडी-१७० कॅमेरा घेतला आणि भांडीबाजाराच्या बाजूला एक गाळा भाड्याने. लग्नाचं शूटिंग, बारसं, वास्तुशांती, गॅदरिंग, जे येईल ते. मिक्सिंग मी स्वतः करायचो, म्हणजे एडिटिंग, पण तेव्हा कोणी एडिटिंग म्हणायचं नाही. गुलाबाच्या पाकळ्यांमधून नवरा-नवरी उमलतात तो इफेक्ट मी किती वेळा वापरलाय ते आता सांगायला लाज वाटते, पण तो नसला तर पार्टी म्हणायची मिक्सिंगमध्ये काही मजा नाही.

२००८ च्या सप्टेंबरात गोदावरीला पूर आला. नाशिककर पूर कसा मोजतात तर नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत पाणी आलंय त्यावरून, तर त्या दिवशी ते मोजायचं काही राहिलंच नव्हतं. कॅमेरा आणि कॉम्प्युटर आम्ही भावाच्या गाडीवर घालून आधीच हलवले होते, आपण हुशार आहोत असं वाटत होतं, आणि खालच्या रॅकमधल्या लोकांच्या लग्नाच्या मास्टर, म्हणजे मूळ कॅसेट कोणाला आठवल्याच नाहीत. एकसष्ट कॅसेट चिखलात. दुसऱ्या दिवशी मी काय केलं तर गच्चीवर उन्हात वाळत घातल्या, पापडासारख्या. वरच्या सात-आठ तिथेच गेल्या, टेप आखडली, लाटा आल्या तिला. मग टीव्ही रिपेरिंगच्या लाइनमधल्या एका म्हाताऱ्या उस्तादांनी येऊन मला शिव्या घातल्या आणि शिकवलं, की खोकं उघडायचं, रीळ बाहेर काढायचं, डिस्टिल्ड वॉटरने हळूहळू धुवायचं, सावलीत पंख्याखाली वाळवायचं, हेअर ड्रायर अजिबात नाही, आणि मग नव्या कॅसेटच्या खोक्यात बसवून एकदाच चालवायचं आणि त्याच वेळी कॉपी करून घ्यायची, कारण दुसऱ्यांदा चालेल याची गॅरंटी नाही. इन्व्हर्टर बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आणले. त्याला वाटलं आम्ही बॅटरीचं दुकान टाकलं. अडतीस वाचल्या. बाकी तेवीस घरी मी स्वतः जाऊन सांगितलं, काहींनी चहा पाजला, एका काकूंनी दारातच उभं केलं आणि बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत.

त्यानंतर गाळा सोडला आणि इंदिरानगरला वरच्या मजल्यावर आलो. भाडं जास्त, पण वरचा मजला.

आता कॅमेऱ्याचं. २०१० मध्ये सगळ्या लाइनला कॅननच्या फाइव्ह-डी मार्क टू ने याड लावलं होतं. फोटोचा कॅमेरा, पण व्हिडिओ असा की मागचं सगळं धूसर, लोणी. त्याआधी तो सेकंदाला तीस फ्रेमच द्यायचा, त्या मार्चमध्ये अपडेट आला तेव्हा पंचवीस फ्रेम आले आणि आवाजाची लेव्हल हाताने लावायची सोय पण आली, तोपर्यंत ते सगळं ऑटो. मी कर्ज काढून घेतला. बायकोने विचारलं याने लग्नाचे पैसे जास्त मिळणार का, मी म्हणलं हो, आणि मिळालेही, सिनेमॅटिक म्हणून. पण त्या कॅमेऱ्याची एक गोम होती, फाइल चार जीबीची झाली की रेकॉर्डिंग आपोआप बंद, म्हणजे साधारण बारा मिनिटं.

औरंगाबाद रोडच्या एका लॉन्सवर लग्न. मंगलाष्टका सुरू झाल्या, मी रेकॉर्ड दाबलं. आमच्याकडे मंगलाष्टका म्हणजे भटजींच्या वेगळ्या, मग आत्याने स्वतः रचलेली, मग मावशीची, मग मुलाकडच्या एका काकांची, त्यात सगळ्या कुळाची नावं. मी मागच्या स्क्रीनवर बघतोय, फोकस मारतोय, आणि "शुभ मंगल सावधान", अंतरपाट खाली, अक्षता, बँड, सगळं झालं आणि मग माझं लक्ष गेलं की लाल ठिपका नाहीये. कधीचा नाहीये. दुसरा कॅमेरा भाच्याकडे होता आणि भाचा बँडवाल्यांचं शूटिंग करत होता कारण मीच त्याला तिकडे पाठवलेलं.

वाचवलं कशाने तर आवाजाने. भटजींच्या माइकच्या स्टँडला मी झूम कंपनीचा छोटा आवाजाचा रेकॉर्डर टेपने चिकटवून ठेवला होता, फक्त बॅकअप म्हणून, त्यात सगळं आलेलं, आत्याचा चुकलेला सूर, भटजींचं मध्येच "अक्षता नीट टाका, डोळ्यात जातात" असं म्हणणं, शेवटची आरोळी. मग फोटोवाल्याचे फोटो घेतले आणि त्या आवाजावर एक एक लावत गेलो. नवरीच्या वडिलांनी उरलेले बारा हजार दिले नाहीत, बरोबरच केलं त्यांनी. पण सहा महिन्यांनी नवरीचा फोन आला, दादा ती मंगलाष्टकांची नुसती ऑडिओ फाइल मिळेल का, आत्या वारली.

मग आमच्या दुकानात नियम झाला, कॅमेरा कुठलाही असो, आवाज वेगळा आणि दोन ठिकाणी. नवरदेवाच्या शेरवानीत एक, भटजींजवळ एक. पोरं नवीन कामाला आली की पहिले पंधरा दिवस त्यांना कॅमेऱ्याला हात लावू देत नाही, हेडफोन घालून बसवतो. दोन पळून गेली.

२०१५ च्या कुंभात हेच झालं. तीन शाही स्नानं आम्ही शूट केली, आदल्या रात्रीपासून रामकुंडाजवळ मुक्काम, आणि ज्याच्या हातात मोबाइल त्याच्याकडे पण तीच गर्दी, तेच साधू, तीच गोदावरी. मुंबईच्या एका डॉक्युमेंटरीवाल्याने आमचे शॉट बघितले आणि म्हणाला छान आहेत, पण आहेत माझ्याकडे, आवाज काय आहे? पहाटे तीनला आखाड्यांचे नगारे लांबून येत येत जवळ येतात ते मी झोप येऊ नये म्हणून सलग रेकॉर्ड केलेलं. त्याने तेवढंच घेतलं. पीडी, फाइव्ह-डी, नंतरचा सोनी, सगळ्यांचे हप्ते एकीकडे आणि ही चाळीस मिनिटं एकीकडे!

म्युझिकचं पण थोडं सांगतो. आधी सगळे पिक्चरची गाणी लावायचे, मीही. मग लोक व्हिडिओ यूट्यूबवर टाकायला लागले आणि कॉपीराइटचे क्लेम यायला लागले, काहींचा आवाजच बंद. मग आम्ही पंचवटीतल्या एका गोंधळ्यांना बोलावून संबळ रेकॉर्ड केलं. संबळाला दोन तोंडं, एक बारीक आणि एक घुमणारं, एकाच माइकवर घेतलं की घुमणारं बारक्याला खाऊन टाकतं. तीन तास गेले ते कळायला. शेवटी दोन माइक, आणि खाली सतरंजी, कारण फरशीवरून आवाज उलटा येत होता. तेच ट्रॅक आजही हळदीला वापरतो, कोणाचा क्लेम येत नाही.

अंबड-सातपूरच्या कारखान्यांच्या फिल्म, पिंपळगावकडच्या द्राक्षवाल्यांच्या फिल्म, हे नंतर आलं. त्यात सांगण्यासारखं फार नाही, पैसे नव्वद दिवसांनी येतात.

खरं पोट भरलं ते लोकांच्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देण्याने. २०१६ मध्ये जपानच्या ज्या शेवटच्या कंपनीने व्हीसीआर बनवणं चालू ठेवलेलं तिनेही बंद केलं, आणि मी तेव्हाच रविवार कारंजाकडच्या एका रिपेरिंगवाल्याकडून चार जुने व्हीसीआर उचलले होते, दोन चालवायला आणि दोन स्पेअरपार्टला. बायको म्हणली भंगार. मग २०२० आलं. पन्नास माणसांत लग्नं, शूटिंग बंद, लोक घरात, आणि घरात बसलेल्या लोकांनी माळे आवरले. जून सुरू झाल्यावर पिशव्या यायला लागल्या. व्हीएचएस, मिनी डीव्ही, काहींवर पांढरी बुरशी, ती तशीच मशीनमध्ये घातली तर हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, गेलंच म्हणून समजा. मिनी डीव्हीचा एक तास म्हणजे तेरा जीबी आणि पूर्ण एक तास बसूनच, फास्ट होत नाही. पुरात शिकलेलं सगळं तिथे कामाला आलं. त्या वर्षीचं भाडं, दोन पोरांचा पगार, सगळं त्यातून.

निफाडहून एक गृहस्थ आले होते, १९९४ च्या बहिणीच्या लग्नाची कॅसेट. चित्र गेल्यात जमा, नुसत्या आडव्या रेघा. मी म्हणलं भाऊ, पैसे नका देऊ, यात काही नाही. ते म्हणाले आवाज लावा. लावला. मागे बँड, भांड्यांचा आवाज, आणि एक जाड आवाज, "अहो बँडवाले, आधी जेवून घ्या, वाजवायला रात्र पडलीय!" ते म्हणाले, हे वडील. एवढंच कापून द्या. पाच सेकंद असेल. मी पाच सेकंदाचे पैसे कसे लावू, तर ते द्राक्षाची पेटी ठेवून गेले.

पोरांना मी फाळकेंचं सांगतो, की १९१३ च्या त्या पहिल्या पिक्चरची चार रिळं होती आणि आज पुण्याच्या फिल्म संग्रहालयात पहिलं आणि शेवटचं एवढंच आहे, म्हणून मास्टरच्या तीन कॉप्या, त्यातली एक माझ्या घरी आणि एक भावाकडे सिन्नरला. पोरं हो हो म्हणतात आणि डेस्कटॉपवर सेव्ह करतात.

मागच्या आठवड्यात सिन्नरवरूनच एक खोकं आलंय, बावीस कॅसेट. त्यातल्या एकीवर निळ्या पेनाने 'लग्न' आणि खाली पेन्सिलने 'मॅच'. लावली तर १९९६ च्या वर्ल्डकपची क्वार्टर फायनल, बंगळूरची, अजय जडेजा वकार युनूसला धुतोय ती. व्हीएचएसच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकचं एक छोटं पातं असतं, ते तोडून टाकलं की परत रेकॉर्डिंग होत नाही, ते कोणी तोडलंच नव्हतं. पावणेतीन तास मॅच, आणि कॅसेट संपता संपता अचानक मंडप, पाठवणी, रडारड, सात मिनिटं. मी घाबरत फोन केला. पलीकडून बाईंचा आवाज आला, "मला माहितीये हो, ह्यांनीच केलंय ते. सात मिनिटं आहेत ना अजून? द्या मग. आणि मॅच पण द्या, ह्यांना."