अडीनडीचा डबा

परवा रात्री नऊला मैत्रिणीचा फोन आला. तिच्या सासऱ्यांना ॲडमिट केलंय, ती सकाळपासून तिकडेच होती, आत्ता घरी आली आणि किचनमध्ये नुसती उभी आहे, मुलं भुकेली आहेत आणि तिला काही म्हणजे काही सुचत नाहीये. मी विचारलं, बेसन आहे का गं घरात? आहे म्हणाली. मग फोन स्पीकरवर टाक, एका गॅसवर भात लाव आणि दुसऱ्यावर मी सांगते तसं कर. एक वाटी बेसन, तीन वाट्या गार पाणी, आधी थोड्याच पाण्यात नीट कालवून घे म्हणजे गुठळ्या होत नाहीत, मग उरलेलं पाणी. तेल जरा सढळ हाताने घाल, मोहरी जिरं हिंग, ठेचलेला लसूण चांगला लाल होऊ दे, मिरच्या, कांदा असला तर कांदा, हळद, आणि मग ते कालवलेलं ओत आणि ढवळत राहा. चमच्याला चिकटायला लागलं की मीठ घालून झाकण ठेव, पाच-सात मिनिटं बारीक गॅसवर. कच्च्या पिठाचा वास गेला की झालं. तिकडून कुकरची शिट्टी ऐकू आली, मग ती म्हणाली "झालं गं" आणि रडायलाच लागली.

फोन ठेवल्यावर मला आमचं २०२३ आठवलं, आणि वाटलं की हे एकदा लिहून ठेवायला पाहिजे.

त्या वर्षी मे महिन्यात नवऱ्याची नोकरी गेली. चाकणला एका कंपनीत तेरा वर्षं होता, त्यांनी एक शिफ्ट बंद केली त्यात हाही गेला. होम लोनचा हप्ता चालू, मुलगा नुकताच दहावीत गेलेला, घरात सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. त्यातून जरा सावरतोय तोवर जूनमध्ये साताऱ्याला माझी आई बाथरूमच्या दारात पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन करावं लागलं. भाऊ बेंगळुरूला, वहिनीला आठवा महिना, म्हणजे तिकडून कोणी येऊन राहणं शक्यच नव्हतं. मी ऑफिस सोडू शकत नव्हते कारण आता माझाच पगार घरात येत होता. मग असं ठरलं की नवरा साताऱ्याला जाऊन राहील आणि मी शुक्रवारी रात्री ऑफिसमधून थेट स्वारगेट गाठून एसटीने जाईन. रविवारी रात्री परत. खंबाटकी घाटात गाडी लागली की माझं ठरलेलं, डोकं खिडकीला टेकवायचं आणि उद्या घरात जेवायला काय याचा विचार करायचा.

पहिले दोन-तीन आठवडे आम्ही सरळ बाहेरून मागवलं. मी दमलेली असायचे, मुलाला काय ते आवडतंच, सासूबाई बिचाऱ्या काही न बोलता दूधपोळी खायच्या. एका रविवारी बँकेच्या ॲपमध्ये महिन्याचा हिशोब बघितला तर नुसत्या बाहेरच्या जेवणाचे सहा हजारांवर गेले होते. पण पैशापेक्षा मला दुसरंच लागलं. सासूबाई रात्री हळूच म्हणाल्या, "अगं, घरात आठ दिवस फोडणीचा वास नाही आला." बस, त्या एका वाक्याने मी उठले.

आता हा अडीनडीचा डबा. माझी आजी माण तालुक्यातली, कायम दुष्काळी मुलूख. बहात्तरचा दुष्काळ तिने अंगावर काढला होता, खडी फोडायच्या कामावर गेलेली बाई, तिथे मिळणारी सुकडी आणि रेशनवरची ती लाल मिलो ज्वारी याच्या गोष्टी ती आम्हाला सांगायची. त्यामुळे तिच्या घरात चुलीच्या वरच्या फळीवर एक पत्र्याचा डबा कायम असायचा, आत फडक्याच्या पुरचुंड्या, हुलग्याचं पीठ, हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, डाळी, शेंगदाणे, सुकी मिरची, चिंच. त्याला ती अडीनडीचा डबा म्हणायची. भाजी मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तरी या डब्यातून दोन वेळा निघाल्या पाहिजेत असा तिचा हिशोब. मला लहानपणी वाटायचं गरिबीमुळे ते तसं खातात. २०२३ मध्ये पहिल्यांदा कळलं की आपलं पिठलं, माडगं, उकड, वरणफळं ही सगळी असल्याच दिवसांसाठी कुणीतरी डोकं लावून बसवलेली जेवणं आहेत. फ्रीज रिकामा, हातात वीस मिनिटं, मन ठिकाणावर नाही, आणि तरी पोट भरलं पाहिजे आणि अंगाला लागलं पाहिजे. त्याच रविवारी मी एक मोठा स्टीलचा डबा घासून पुसून कोरडा केला आणि बेसन, तांदळाचं पीठ, सालाची मूगडाळ, मेतकूट, दाण्याचं कूट, आमसुलं, थालिपिठाची भाजणी, सगळं त्यात एका जागी ठेवलं. एका जागी हे महत्त्वाचं आहे बरं का, कारण दमलेल्या माणसाला चार कप्पे उघडायचं त्राण नसतं.

त्या जुलैत टोमॅटो शंभरीच्या पार गेले होते, आठवत असेल तुम्हाला, आणि तूरडाळही चढलेलीच होती. मी टोमॅटो आणणंच बंद केलं. आमटीला आमसूल आणि गुळाचा खडा, तूरडाळीत अर्धी मसूर. चवीत फरक पडतो का तर पडतो, पण वाईट पडत नाही. आमसुलाच्या आमटीला जी चव आहे ती मला आता टोमॅटोपेक्षा आवडते.

सासूबाईंचं वेगळंच होतं. त्या चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं खात नाहीत, आणि त्या वर्षी अधिक श्रावण आल्यामुळे चातुर्मास चांगला पाच महिन्यांचा. मला टेन्शन आलं की आता दोन-दोन स्वयंपाक कुठून करू. तर त्याच म्हणाल्या, ताकातलं पिठलं कर, सगळेच खाऊ. पाण्याऐवजी आंबट ताक थोडं पातळ करून त्यात बेसन कालवायचं, फोडणीत हिंग जरा जास्त, कढीपत्ता, आलं-मिरची ठेचून, बाकी सगळं तेच. ढवळणं मात्र सोडायचं नाही, नाहीतर ताक फुटतं. आणि त्यांची उकड! लग्नाला सोळा वर्षं झाली होती पण त्यांनी स्वतः केलेली उकड मी त्या जुलैत पहिल्यांदा खाल्ली, कारण एका सोमवारी मी साडेआठला घरी पोचले तर त्या ओट्याशी स्टूल घेऊन बसलेल्या. एक वाटी तांदळाचं पीठ, अडीच वाट्या आंबट ताक, हिंग-मिरची-आल्याची फोडणी, ताक-पीठ एकत्र घुसळून कढईत ओतलं आणि मग मनगट फिरवत राहिल्या, तो लगदा कढईची कड सोडेपर्यंत. वाफ काढली. गरम गरम वाढून वर कच्चं तेल, मधोमध खळगा करून. मी बॅगसुद्धा खांद्यावरून काढली नव्हती, तशीच बसून खाल्ली.

मुलालाही मी त्यात ओढलं. वरणफळं त्याच्याकडे, साताऱ्याकडे आम्ही चकोल्या म्हणतो. तो शाळेतून आला की कणकेत हळद तिखट ओवा तेल घालून घट्ट मळून ठेवायचा, मी आल्यावर आमटी नेहमीपेक्षा जास्त पातळ करून उकळत ठेवायचे आणि तो पोळी लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे कापून एकेक सोडायचा. एकदम सगळे टाकले की गोळा होतो, हे तो पहिल्याच वेळी शिकला. दहा मिनिटं शिजवायचं, वर तूप. दहावीच्या अभ्यासाचं टेन्शन होतं त्याला, वडिलांच्या नोकरीचंही होतं, बोलायचा नाही. पण ते तुकडे सोडताना बोलायचा. शाळेत काय झालं, क्लासला काय झालं, एकदा तर तुकडे सोडता सोडताच विचारलं, "बाबांना मिळेल ना गं दुसरी?" त्याच्याकडे न बघता, आमटीकडे बघत. मी पण आमटीकडे बघतच हो म्हटलं.

मूगडाळीची मऊ खिचडी तर आठवड्यातून दोनदा व्हायचीच. एक वाटी इंद्रायणी, पाऊण वाटी डाळ, सहा-सात वाट्या पाणी, पाच शिट्ट्या. इंद्रायणी म्हणजे आपल्या मावळातला, १९८७ सालचा वाण, आंबेमोहोराचा अंश आहे त्यात, म्हणून तो वास आणि तो चिकटपणा, मऊ खिचडीला याच्यासारखा दुसरा तांदूळ नाही. मी आधी खिचडीला आजाऱ्याचं खाणं समजायचे. हॉस्पिटलमधल्या डाएटिशियनने आईसाठी समजावून सांगितलं की तांदळात लायसीन नावाचा एक प्रथिनाचा घटक कमी असतो आणि डाळीत तो भरपूर असतो, डाळीत जे कमी ते तांदळात असतं, म्हणून दोन्ही एकत्र खाल्लं की प्रोटीन पुरं पडतं. हाड जुळायला हे लागतंच म्हणाली. तेव्हापासून खिचडी करताना मला कधीच वाटत नाही की आज काहीच केलं नाही.

पण खरी गोष्ट साताऱ्यातली आहे. ऑपरेशननंतर आईची अन्नावरची वासनाच उडाली होती. औषधांनी तोंड कडू, अंथरुणावर पडून पडून पोट साफ नाही, दोन घास खाल्ले की बास. शेजारच्या काकू डबा द्यायच्या तो तसाच परत जायचा. नवऱ्याला तोपर्यंत चहा आणि ऑम्लेट यापलीकडे काही येत नव्हतं. एका सकाळी त्याने आईला सरळ विचारलं की तुम्हाला लहानपणी आजारी पडल्यावर काय द्यायचे? आई म्हणाली, हुलग्याचं माडगं. हा पुण्यातच वाढलेला, त्याला हुलगा म्हणजे कुळीथ हेसुद्धा माहीत नव्हतं. पेठेतून पीठ घेऊन आला. आईची कॉट मधल्या खोलीत अशी लावली होती की तिला तिथून गॅस दिसायचा, मग ती तिथूनच सांगायला लागली.

मी शनिवारी सकाळी स्वतः बघितलं म्हणून सांगते. दोन मोठे चमचे पीठ आधी कोरडंच मंद भाजलं, खमंग वास सुटेपर्यंत. मग वाटीत गार पाण्यात कालवलं. पातेल्यात दोन वाट्या पाणी, गूळ, मिठाची चिमूट, उकळी आली की एका हाताने ओतायचं आणि दुसऱ्या हाताने ढवळायचं. तो इतका सावकाश ओतत होता, मशीनवर काम करताना बघतो ना तसा सगळा जीव त्या धारेत. आई तिकडून, "जावई, गॅस बारीक करा आता, नायतर खाली लागंल." त्याने बारीक केला. शेवटी सुंठ. वाडग्यात ओतून फुंकर घालून तिच्या हातात दिलं आणि तिने सगळं प्यायलं, वाडगा तिरका करून तळाचंसुद्धा. किती दिवसांनी तिने काहीतरी संपवलं होतं.

आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी. अधिक महिना लागला होता ना, जावयाला अनारशाचं वाण द्यायचा महिना. "माझ्यामुळं तुमचं वाण राहिलं, तेहतीस अनारसं देणार होते, आन् तुम्हीच मला करून घालताय." नवरा काही बोलला नाही, वाडगा घेऊन आत गेला. मी मागोमाग गेले तर नळ सोडून तसाच उभा. तेरा वर्षांची नोकरी गेल्यावर त्याला मी एकदाही मोकळं झालेलं बघितलं नव्हतं, ते त्या दिवशी बघितलं. नंतर म्हणाला, मे महिन्यापासून आज पहिल्यांदा वाटलं की माझ्या हातून काहीतरी झालं.

त्याला नोव्हेंबरमध्ये रांजणगावला नोकरी लागली, पगार आधीपेक्षा कमी, पण लागली. मुलगा दहावी चांगला पास झाला. आई काठी घेऊन घरात फिरते आता, ओट्यापर्यंत जाते. रविवारी माडगं अजून नवराच करतो. त्या अधिकानंतरचा अधिक महिना २०२६ चा, ज्येष्ठातला, हे आईला तोंडपाठ आहे, आणि अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, हे ती मला दर फोनवर सांगते, जसं काही मी विसरणारच आहे.

मैत्रिणीचा आज सकाळी मेसेज आलाय. सासऱ्यांचा ताप उतरलाय, अजून दोन दिवस ठेवणार आहेत. मुलांनी पिठल्याची खरवडसुद्धा कढईतून काढून खाल्ली म्हणे. आणि खाली लिहिलंय, आज रात्रीसाठी ती उकड सांग ना. ताक पुरेसं आंबट आहे का विचारलंय मी तिला, उत्तराची वाट बघतेय.