पावसाळी गाडी, हंगाम तिसरा: वात शोधताना

गेल्या वर्षीच्या नोंदीत मी लिहिलं होतं की चांगला रेनसूट घेतला की प्रश्न मिटेल. सूट घेतला, आणि यंदा मृगातल्या पहिल्याच फेरीत निजामपूरला उतरलो तेव्हा आतला पायजमा पिळण्याइतका ओला होता. म्हणून या हंगामात नवीन काहीही विकत घ्यायचं नाही असं ठरवलं. आधी पाणी नेमकं कुठून येतं ते बघायचं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: गाडी पल्सर १५०, पुढे काच नाही. रस्ता पुण्याचा चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशी, ताम्हिणी, विळे, निजामपूर. पंधरा दिवसांतून एकदा आईवडिलांकडे जाणं आणि दुसऱ्या दिवशी परत. घाटात तास-दीड तास धो धो पाऊस अंगावर घ्यावा लागतो, टाळता येत नाही. दोन वर्षांपूर्वी याच घाटात छातीपर्यंत भिजलो होतो. टपरीवर थांबलो तर बोटं इतकी बधिर झाली होती की हेल्मेटचा पट्टा सुटेना. त्याच बोटांनी मी उतारावर ब्रेक दाबत आलो होतो. कोरडं राहण्याच्या मागे मी लागलो ते त्या दिवसापासून.

शोधायची पद्धत सोपी आहे, कुणीही करून बघावी. जुना, पूर्ण बाह्यांचा पांढरा गंजीफ्रॉक आणि पांढरा पायजमा घ्यायचा. त्यावर मुलांच्या स्केचपेनने चार-चार बोटांवर आडव्या रेघा मारायच्या. हे कपडे रेनसूटच्या आत घालायचे आणि घरी पोचल्यावर लगेच काढून फोटो घ्यायचा. पाणी लागलं तिथे शाई फुटते. घामानेही फुटते, पण फरक ओळखता येतो. घामाने पाठीवर आणि काखेत सगळ्या रेघा सारख्याच फिकट होतात. गळतीचा डाग एखाद्या टोकापासून सुरू होतो, त्याला धारदार कड असते आणि तो जिभेसारखा खाली किंवा वर पसरतो.

पुनर्वसूच्या फेरीत, म्हणजे ऐन तरण्या पावसात, तीन जिभा सापडल्या. एक गळ्यापासून छातीच्या मध्यापर्यंत. एक डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत. तिसरी पँटच्या आसनात, दोन तळहातांएवढी. छातीच्या दोन्ही बाजू, खांदे, मांड्यांचा वरचा भाग, जिथे पाऊस थेट आदळतो, तिथल्या रेघा जशाच्या तशा होत्या. कापड निर्दोष होतं आणि मी दोन वर्षं कापडालाच दोष देत होतो.

आधी आसन. माझं वजन ७२ किलो. सीटवर टेकणारा भाग ढोबळमानाने एक दशांश चौरस मीटर धरला, तर दाब येतो ७२० मिलिमीटर उंचीच्या पाण्याएवढा. सूटवर लिहिलेला आकडा ३,००० मिलिमीटरचा आहे, म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब कापड पेलतं. घडीवर दाब जास्त पडतो हे मान्य केलं तरी कापडातून पाणी येण्याचं कारण दिसत नव्हतं. मग पँट उलटी केली, म्हणजे बाहेरची बाजू आत गेली. आसनाचा खोलगा करून त्यात दोन तांबे पाणी ओतलं आणि बादलीवर धरून बसलो. पाच-सात मिनिटांत थेंब दिसायला लागले, सगळे एकाच जागी: चार शिवणी जिथे एकत्र येतात तिथे. आतून चिकटवलेली पट्टी त्या चौकात सुटली होती आणि सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी झिरपत होतं. त्यात टाकीवरून ओघळणारं पाणी सीटच्या खोलगट भागात साठतं. म्हणजे आपण तासभर डबक्यात बसतो आणि वरून ७२ किलोंनी दाबत राहतो.

उपाय केला तो असा. सुटलेली पट्टी पूर्ण सोलून काढली, जागा स्पिरिटने पुसली आणि शिवणी बंद करायचं पॉलियुरेथेनचं ट्यूबमधलं द्रव्य बोटाने पातळ लावलं. एक दिवस वाळू दिलं, पुन्हा एक थर, पुन्हा एक दिवस. जाड थर एकदम लावू नका, घडीवर तडकतो. पुष्याच्या फेरीत, म्हाताऱ्या पावसात, आसनातल्या सगळ्या रेघा शाबूत राहिल्या. पायजमा हातात धरून मी अंगणात उभा होतो आणि आई विचारत होती काय झालं. तिला रेघा दाखवल्या.

गळ्याचं कोडं मात्र मला आईनेच सोडवून दिलं, तिच्या नकळत. हेल्मेटखाली मी सुती रुमाल बांधायचो आणि त्याची टोकं कॉलरच्या आत खोचायचो. संध्याकाळी आई समईत वात सारत होती. वातीचं एक टोक तेलात, दुसरं कडेवर, आणि तेल आपोआप वर चढतं. माझा रुमाल हेच करत होता. हेल्मेटवरून ओघळलेलं पाणी बाहेरच्या टोकाला लागायचं आणि रुमाल ते इमानाने माझ्या गंजीफ्रॉकपर्यंत पोचवायचा. तेव्हापासून मी प्रत्येक गळतीत आधी वात शोधतो. बुटाबाहेर डोकावणारी मोज्याची कड म्हणजे वात. जॅकेटखालून अर्धा इंच बाहेर आलेला शर्ट म्हणजे वात. कमरेला बांधलेली नाडी, तिचं टोक बाहेर लोंबत असेल तर तीही वात. आता रुमाल बंद. गळ्याला जाड फ्लीसची नळी घालतो, ती कॉलरच्या वरच थांबते, आत जात नाही. छातीवरची जीभ नाहीशी झाली.

आजीच्या घरी आढ्याला इरलं टांगलेलं असायचं, बांबूच्या कामट्या आणि पानांचं. लावणी करताना पाठ वाकलेली, पाऊस वरून, आणि इरलं बरोबर त्या पाठीवर. त्याला एकही शिवण नाही आणि अंगाला चिकटत नसल्यामुळे आत हवा खेळती. गाडीवर पाऊस समोरून येतो, म्हणून त्याची नक्कल करता येणार नाही, पण ती खेळती हवा मला फार महत्त्वाची वाटते.

कारण दुसरं ओलेपण घामाचं. श्वास घेणाऱ्या पडद्याचं महागडं जॅकेट घ्यावं का, असं बरेच जण विचारतात. माझं मत सह्याद्री आणि कोकणापुरतं सांगतो: घाई करू नका. तो पडदा वाफ बाहेर टाकतो ती आतल्या-बाहेरच्या बाष्पदाबाच्या, म्हणजे हवेतल्या वाफेच्या दाबाच्या, फरकावर. अंगालगत ३४ अंशांची ओली हवा धरली आणि बाहेर विळ्याची २६ अंशांची पाण्याने भरलेली हवा, तर फरक जेमतेम २ किलोपास्कल. हिमालयातल्या ८ अंशांच्या पावसात तोच फरक ४ च्या वर जातो. म्हणजे तेच जॅकेट आपल्याकडे निम्म्याच जोराने काम करतं. शिवाय बाहेरच्या कापडावरचा पाणी झटकणारा लेप झिजला की कापड ओलं होऊन चिकटतं, वाफेची वाट आणखी अडते आणि आपल्याला वाटतं जॅकेट गळतंय. मी साधा जलरोधक लेपाचा सूट, काखेत आणि पाठीवर झाकणाखालची जाळी, आणि आत सुतीऐवजी खेळाडूंची पातळ कृत्रिम धाग्याची बनियन वापरतो. ओलसर वाटतं, पण गारठत नाही.

पायांचं काम लवकर आटोपलं. गमबूट, आणि पँट बुटाच्या आत न खोचता बाहेरून, खाली इलॅस्टिकने घट्ट. सैल पँट साखळीकडे जाता कामा नये, हे आधी तपासा. गमबुटाचं नाक जाड असल्याने गिअरच्या पायडलखाली पाय शिरेना, म्हणून पायडल शाफ्टवर एक दातं वर बसवून घेतलं. चप्पल-बुटांवर चालवणाऱ्यांनी मोज्यांवर दुधाच्या पिशव्या घालाव्यात. हेल्मेटच्या काचेला आतून पिनलॉक, म्हणजे वाफ धरू न देणारी जादा काच, लावला आहे, आणि काच पुसायला डाव्या ग्लोव्हच्या अंगठ्यावर रबराची पट्टी. उजवा हात अ‍ॅक्सिलरेटरवरून सुटायला नको.

राहिलं डावं मनगट. ग्लोव्हची कड बाहीवर घेतली तर बाहीवरून उतरणारं पाणी ग्लोव्हमध्ये साठतं. बाही ग्लोव्हवर घेतली तर समोरचा वारा पाणी बाहीत वर ढकलतो. उजव्या हाताला हे होत नाही, कारण तो हात जागचा हलत नाही. डावा क्लच दाबायला, काच पुसायला सतत हलतो आणि बाही वर सरकते. आश्लेषाच्या फेरीत बाहीच्या आत निओप्रीनची, म्हणजे ताणणाऱ्या रबरी कापडाची, चार बोटं रुंद पट्टी शिवून पाहिली. जीभ कोपरापासून मनगटाच्या वर तीन रेघांपर्यंत आली, पण शिवताना मीच सुईने नवी भोकं पाडली आणि आता तिथूनही थोडं झिरपतं आहे. पट्टी उसवून, न शिवता चिकटवायची आहे. मघा लागायच्या आत एक फेरी ठरली आहे. कुणी निओप्रीन लेपाच्या कापडावर टिकेल असं चिकटवलं असेल, तर कोणत्या गोंदाने ते कळवा. गंजीफ्रॉकवर रेघा मारून ठेवल्या आहेत.