अनिल भागवत अजून यायचे आहेत

साठीच्या दशकातल्या बीटल्स या इंग्लिश गाणाऱ्या चौकडीवरचं नवं पुस्तक हातात आलं की मी ते मागून उघडतो. नामसूची काढतो आणि भागवत हे आडनाव शोधतो. मार्क लुइसन लिहीत असलेल्या बीटल्सच्या तीन खंडी चरित्राचा पहिला खंड, ‘ट्यून इन’, आला तेव्हाही मी हेच केलं. खरं तर तो खंड ३१ डिसेंबर १९६२ला थांबतो आणि भागवतांनी बीटल्सबरोबर तबला वाजवला ती संध्याकाळ आहे ११ एप्रिल १९६६ची. त्यात ते असण्याचं कारण नाही, हे मला ठाऊक होतं. तरी हात तिकडंच गेला.

ताई लग्न होऊन इंग्लंडमध्ये लेस्टरला गेली आणि १९८४ साली पहिल्यांदा माहेरी आली, तेव्हा माझ्यासाठी बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’ची तबकडी घेऊन आली. मी सोळा वर्षांचा होतो, मिरजेत गुरुजींकडं तबल्याला जात होतो. घरात रेकॉर्ड प्लेअर नव्हता, त्यामुळं आठवडाभर मी नुसतं कव्हर वाचत बसलो. मागच्या बाजूला ‘लव्ह यू टू’ या गाण्यापाशी छापलं होतं, अनिल भागवत, तबला. पुन्हा पुन्हा वाचलं. लिव्हरपूलच्या चार पोरांच्या तबकडीवर आमच्या गल्लीत कुणीही हाक मारावी असं नाव! पुढं सतारमेकर गल्लीतल्या एका काकांनी आपल्या घरी रेकॉर्ड लावू दिली. आधी नुसती सतार, तालाशिवाय. मग ठेका धरला जातो आणि तबला आत येतो. भोवती सतारींचे रिकामे भोपळे टांगलेले, आणि मी उकिडवा बसून पेरांवर मात्रा मोजतोय. तो दिवस आणि आजचा दिवस.

म्हणून ‘ट्यून इन’बद्दल लोक बोलतात तेव्हा मला राहवत नाही.

आम्ही हे पुस्तक चौघांनी मिळून वाचलं. मी, सांगलीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले आमचे सर, पुण्यात नोकरी करणारा आणि रात्री गिटार वाजवणारा माझा भाचा, आणि तिकडून व्हिडिओ कॉलवर ताई. पावसाळ्यातल्या रविवारी संध्याकाळी एकेक प्रकरण. चौघंही बीटल्सवर जीव टाकणारे, आणि चौघांची मतं चार.

पहिली तक्रार भाच्याची. साधी आवृत्तीच नऊशे पानांच्या वर, विस्तारित आवृत्ती दोन भागांत सतराशेच्याही पुढं, आणि एवढं करून गोष्ट येते कुठवर, तर ‘लव्ह मी डू’ हे त्यांचं पहिलं गाणं बाहेर पडेपर्यंत. “मामा, ज्या गाण्यांसाठी आपण यांच्यावर प्रेम करतो त्यातलं अजून एकही झालेलं नाही. एवढं कशाला वाचायचं? गाणी ऐका की.” जगभरच्या चाहत्यांत ही तक्रार ऐकू येते आणि तिच्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. त्या चौघांच्या पणजोबा-खापरपणजोबांची प्रकरणं वाचताना मीही दोनदा पुस्तक मिटलं. पण मग जर्मनीतलं हँबुर्ग येतं. ऑगस्ट १९६०. ‘इंद्रा’ नावाच्या क्लबात रोज रात्री तासन् तास वाजवायचं, झोपायला कोंदट खोली, आणि समोर दारू प्यायलेली गिऱ्हाइकं. किती रात्री, किती तास, किती पैसे, सगळं लिहिलेलं आहे. रियाजाचे तास मोजून हात घडतो हे मी रोज माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो. तिथं मला ते तास मोजलेले दिसले. ज्याला ते पाल्हाळ वाटतं त्याला वाटो.

दुसरं भांडण जास्त खोल गेलं. चौघांतल्या जॉन लेननच्या लहानपणाची एक गोष्ट प्रत्येक चाहत्याला पाठ असते. १९४६चा उन्हाळा, जॉन पाच वर्षांचा. बोटीवर काम करणारे वडील त्याला ब्लॅकपूलला घेऊन जातात. आई न्यायला येते. वडील पोराला विचारतात, तुला कुणाकडं राहायचंय? पोरगा म्हणतो, बाबांकडं. आई निघून जायला लागते आणि तो रडत तिच्यामागं धावतो. १९६८ साली हंटर डेव्हिसनं लिहिलेलं बीटल्सचं अधिकृत चरित्र आलं, त्यातही ही हकिगत आहे, आणि नंतरच्यांनी ती आणखी रंगवली. जॉनच्या गाण्यातली प्रत्येक किंकाळी या एका खोलीतून आली असं आम्ही मानत आलो.

लुइसननं काय केलं, तर ज्या घरात हे घडलं त्या घरातल्या माणसाला गाठलं. बिली हॉल, वडिलांच्या बोटीवरचा सोबती. ब्लॅकपूलचं घर त्याच्याच आईवडिलांचं. तो सांगतो, असं काही झालं नाही. नवरा-बायको आत बसून बोलले, आवाज चढले नाहीत, आणि पोरगं आईबरोबर जाणार असं ठरलं. संपलं.

हे वाचून झाल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ताई म्हणाली, “म्हणजे तो रडलाच नाही?” तिचा आवाज कापत होता. सासरी नव्यानं गेली होती तेव्हा थंडीच्या दिवसांत ती एकटी बसून लेनन ऐकायची, ते मला माहीत आहे. तिच्या मनातली ती गोष्ट तिच्या डोळ्यांदेखत कुणीतरी काढून घेत होतं. सरांचं म्हणणं, एका म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीवर इतकी वर्षं चालत आलेली गोष्ट मोडायची का? भाचा नेमका उलट: तिथं जो हजर होता त्याचं नाही ऐकायचं तर कुणाचं ऐकायचं?

मी भाच्याच्या बाजूनं. आणि तरीही ताईला जे सांगितलं ते इथंही लिहितो. पुढं ते पोर आईजवळही राहिलं नाही, मिमी मावशीनं वाढवलं. वडील वर्षानुवर्षं दिसले नाहीत. १९५८च्या जुलैमध्ये आई मोटारीखाली गेली तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. गाण्यातल्या रडण्याला एवढं पुरे आहे, ताई. त्याला नाटकातला प्रवेश कशाला हवा?

त्या मिमी मावशीचीही एक हकिगत आहे. डेव्हिसच्या पुस्तकाचा मजकूर तिनं आधी वाचायला मागितला, जॉनच्या लहानपणाबद्दलची पानं तिला पसंत पडली नाहीत, आणि तिच्या समाधानासाठी थोडे बदल झाले. म्हणून मला अधिकृत चरित्र या शब्दाचं फार कौतुक नाही. घरच्या माणसांसमोर कुणी घरचं खरं लिहीत नाही, आपल्याकडंही नाही.

सर खरे दुखावले ते बीटल्सची गाणी ध्वनिमुद्रित करणाऱ्या निर्मात्याच्या, जॉर्ज मार्टिनच्या प्रकरणात. सगळ्यांनी नाकारलेल्या पोरांना एका कानसेनानं ओळखलं आणि करार दिला, ही गोष्ट सर तीस वर्षं वर्गात सांगत आले. लुइसन कागदपत्रं काढून दाखवतो की तसं नव्हतं. मार्टिननं फेब्रुवारी १९६२मध्ये ऐकलं आणि त्याला विशेष काही वाटलं नाही. ईएमआय या मार्टिनच्या रेकॉर्ड कंपनीच्या संगीत-प्रकाशन विभागातल्या लोकांना मात्र या पोरांनी स्वतः लिहिलेल्या गाण्यांचे हक्क हवे होते. त्यांनी रेटा लावला, वरून हुकूम आला आणि मार्टिनला हा गट घ्यावा लागला. सर पुस्तक बाजूला ठेवून म्हणाले, “अहो, मग एवढी वर्षं आम्ही काय सांगत होतो?”

मला मात्र मार्टिन या प्रकरणानंतर जास्त मोठा वाटायला लागला. गळ्यात पडलेलं काम होतं, ते त्यानं आपलं मानलं. ‘प्लीज प्लीज मी’ हे त्यांचं गाणं आधी अगदी ठाय लयीत होतं. त्यानं लय वाढवायला सांगितली. २६ नोव्हेंबर १९६२ला ते नव्या लयीत ध्वनिमुद्रित झालं आणि तिथून सगळं सुरू झालं. तीच चीज मध्य लयीवर आणली की ती उठून उभी राहते, हे वादकाला बोटांनी कळतं. मार्टिनला ते कानानं कळलं. पोरांनी ऐकलंही. सरांना मी डग्ग्यावर दोन्ही लयी वाजवून दाखवल्या. ते हसले, पण “पटलं” असं काही म्हणाले नाहीत. त्यांनी म्हणायलाच पाहिजे असं नाही.

फिलिप नॉर्मन या दुसऱ्या चरित्रकारावर आमचं फारसं दुमत नव्हतं. १९८१चं त्याचं ‘शाउट!’ वाचायला सुरेख आहे, पहिल्या पानापासून पकडतं, आणि बीटल्समधल्या पॉल मॅकार्टनीवर आणि जॉर्ज हॅरिसनवर अन्याय करतं. पुस्तकाच्या प्रचाराच्या वेळी तर तो टीव्हीवर म्हणाला होता की लेनन म्हणजे तीन चतुर्थांश बीटल्स. पुढं त्यानंच पॉलचं मोठं चरित्र लिहिलं. २००१ साली जॉर्ज गेला तेव्हा त्यानं जिव्हारी लागेल असा मृत्युलेख लिहिला, आणि २०२३मध्ये त्याच जॉर्जचं चरित्र काढलं. ताई म्हणते माणसाला चूक सुधारू द्यावी. मी ते अजून विकत घेतलेलं नाही.

आता भागवतांकडं येतो. लुइसनवर माझा विश्वास बसला तो ‘ट्यून इन’मुळं नव्हे. त्याच्या पंचवीस वर्षं आधी, १९८८ साली, त्यानं बीटल्सच्या ध्वनिमुद्रणांची दिवसवार नोंद असलेलं पुस्तक काढलं होतं. त्यासाठी तो स्टुडिओतले तंत्रज्ञ आणि साथीला येऊन गेलेले वादक यांना भेटला. त्यात अनिल भागवतांचं म्हणणं आहे. लंडनमध्ये एशियन म्युझिक सर्कल ही भारतीय संगीताची संस्था चालवणाऱ्या अंगडींचा फोन आला, आज संध्याकाळी मोकळे आहात का, जॉर्जबरोबर वाजवायचंय. कोण जॉर्ज ते सांगितलं नाही. दारात रोल्स रॉइस येऊन उभी राहिली तेव्हा यांना कळलं. ॲबी रोडच्या स्टुडिओत पोचले तर बाहेर मुलीच मुली, थर्मास आणि सँडविच घेऊन बसलेल्या. आत जॉर्जनं रविशंकरांच्या धर्तीचं, सोळा मात्रांचं सुचवलं, आणि बाकी तुम्ही उपज करा म्हणाला. कव्हरवर आपलं नाव छापलं याचा भागवतांना मनापासून अभिमान होता.

दुसऱ्या कुठल्या चरित्रकारानं त्यांना फोन केला असता, असं मला वाटत नाही. बाकीच्यांना जॉर्जची सतार हवी असते, रविशंकर हवे असतात, १९६८ साली बीटल्स गेले ते ऋषिकेश हवं असतं. साथीदार कुणाला नको असतो. मी चाळीस वर्षं साथच केली आहे, कार्यक्रमाच्या बातमीत शेवटच्या ओळीत “तबल्यावर साथ” एवढंच येतं, कधी तेही येत नाही. म्हणून कुणी म्हणालं की लुइसन फार बारकावे देतो, की मला त्या फोनची आठवण होते.

तीन खंडांपैकी दुसरा १९६३ ते १९६६चा असणार आहे. पहिला येऊन एक तप उलटून गेलं, दुसरा अजून नाही. चाहते चिडलेत, मीही कधी कधी अस्वस्थ होतो. लेखकाचं वय वाढतं, साक्षीदारांचं त्याहून वाढतं. तरी घाईत लिहिलेलं मला नको.

परवा भाच्यानं विचारलं, “मामा, खंड आला आणि त्यात तुमच्या भागवतांना दोनच ओळी असल्या तर?”

दोन ओळी चालतील. पण गाडी दारात किती वाजता आली, तबल्याची जोडी त्यांनी मांडीवर घेतली की डिकीत ठेवली, जॉर्जच्या सतारीला सूर लावताना कुठल्या पट्टीतला तबला काढला आणि पहिली थाप पडली तेव्हा खोलीत कोण कोण होतं, एवढं त्या दोन ओळींत हवं.