चार मिनिटं

रविवार, रात्री साडेनऊ

जिना चढता येतोय, उतरता येत नाहीये. कचऱ्याची बादली खाली ठेवायची होती, तर कठडा धरून आडवा आडवा उतरलो, खेकड्यासारखा. शेजारच्या आजी म्हणाल्या, "पडलास का रे कुठे?" नाही म्हटलं, पळालो.

साताऱ्याची हिल मॅरेथॉन झाली. नाव मॅरेथॉन, अंतर अर्धंच, २१.१ किलोमीटर. पोलीस परेड ग्राउंडवरून निघायचं, समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला लागायचं आणि ठरल्या ठिकाणाहून वळून त्याच वाटेनं खाली यायचं. मला लागले २ तास ३१ मिनिटं. सीएसाहेबांना २ तास २७.

आता हे इथेच लिहितो, कारण आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपवर लिहिता येणार नाही. मला वाईट वाटलं.

सीएसाहेब आमच्याच सोसायटीतले. दोन वर्षांपूर्वी मीच त्यांना ओढून आणलं. पहिल्या दिवशी एका किलोमीटरात तीनदा थांबले होते, आणि दर वेळी बुटाची लेस सुटल्याचं निमित्त. मग लेस कशी बांधायची तेही मीच दाखवलं: घोट्याजवळच्या शेवटच्या भोकातून ओवून घ्यायची, म्हणजे उतारावर पाऊल पुढे सरकत नाही आणि अंगठा बुटाच्या टोकावर आदळत नाही.

पावसाळाभर दर रविवारी आम्ही पुण्याजवळच्या बोपदेव घाटात होतो. पहाटे पावणेपाचला सोसायटीच्या गेटपाशी, रेनकोट घालू की नको यावर वाद. एकट्यानं मी दोन रविवारांतच सोडून दिलं असतं. खाली कुणीतरी थांबलंय म्हटल्यावर उठावंच लागतं. आमच्या कोचचं एकच पालुपद: "घाटात घड्याळ नाही, श्वास बघायचा. चार शब्द सलग बोलता येत नसतील तर वेग जास्त झालाय."

आज सकाळी गावातल्या सपाट रस्त्यावर मी पहिले तीन किलोमीटर तोंडातून शब्द न काढता पळालो. बाजूला हलगी वाजत होती, शाळेची पोरं टाळीसाठी हात पुढे करत होती, अंगात आलं म्हणा ना. सीएसाहेब मागे ग्रुपमधल्या काकूंशी गप्पा मारत येत होते. त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, म्हणजे त्यांचा श्वास ठीक होता. हे तेव्हा कळलं नाही.

घाटात तिसऱ्या वळणाला पाय जड झाले. धुकं इतकं की पुढचा माणूस टी-शर्टच्या रंगावरूनच कळत होता. सीएसाहेबांचा पिवळा टी-शर्ट शेजारून गेला. "येताय ना?" मी नुसती मान हलवली. चार शब्द कुठले, एकही निघेना. यवतेश्वरनंतर घाट संपला असं वाटतं, पण रस्ता खालीवर होतच राहतो. मीठ लावलेली संत्र्याची फोड तोंडात धरून मी चालत होतो, तेवढ्यात ते वळून परत येताना समोर दिसले. लांबूनच हात वर केला. मीही केला, खांद्यापर्यंत.

उतारावर चार-पाच जणांना गाठलं, त्यांना नाही. उतरताना मांडी प्रत्येक पावलाला ब्रेक लावत असते, दुखणं येतं ते तिथून. उद्या-परवा अजून वाढेल.

मैदानावर काकूंची वाट बघत बसलो. त्या घाट चालतच चढतात, पण झपाट्यानं, पळणाऱ्यांना मागे टाकत. तीन तासांना पाच मिनिटं कमी असताना आल्या आणि आल्या आल्या पहिला प्रश्न, "कंदी पेढे घेतले का कुणी?" मग फोटो. फोटोत मी हसतोय. बरा हसतोय.

गाडीत बूट काढला तर उजव्या अंगठ्याचं नख काळंनिळं. सकाळी पार्किंग शोधण्याच्या घाईत लेस शेवटच्या भोकातून ओवायची राहिली होती. सीएसाहेबांनी वाकून बघितलं आणि काही बोलले नाहीत. त्यांची लेस बरोबर बांधलेली होती.

आत्ता त्यांचा मेसेज आला: "गुरुवारी पावणेपाचला गेटपाशी?"

वीस मिनिटांनी "हो" लिहिलं. जिन्याचं काय ते गुरुवारी बघू.