तिथे दवाखाना तरी असतो का हो?

लग्नात, सोसायटीच्या जिन्यात, एकदा तर दाढीला साबण लावलेला असताना सलूनमध्ये. मी पश्चिम आफ्रिकेतल्या घानात तीन वर्षं होतो हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "आजारी पडलात तर काय करायचात? तिथे दवाखाना तरी असतो का हो?" परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं नीट लिहितो.

मी होतो नावरोंगोला. घानाचं अगदी उत्तर टोक, कासेना आणि नानकाना लोकांचा मुलूख. तिथून पागाचा सीमानाका हाकेवर आणि नाक्यापलीकडे बुर्किना फासो. राजधानी अक्रा म्हणाल तर रात्रभराची बस, त्यापेक्षा परक्या देशाची, बुर्किना फासोची, राजधानी वागादुगू कितीतरी जवळ. माझं काम टोनो धरणाच्या लाभक्षेत्रात सौर पंप बसवायचं.

तर दवाखाना असतो. त्याला सगळे 'चिप्स' म्हणतात. सीएचपीएस ही सरकारी योजनेची आद्याक्षरं, पण उच्चार वेफर्सवालाच. पहिल्या पावसाळ्यात मला हुडहुडी भरून ताप आला तेव्हा आमच्या मिस्त्रीने मोटरसायकलवर मागे बसवून तिथेच नेलं. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, बाहेर कडुनिंबाखाली बाक. (कडुनिंब तिथे इंग्रजांच्या काळात आला. तापाने फणफणलेल्या माणसाला तेवढीच घरची सावली.) नर्सने बोट टोचलं, पट्टीवर थेंब सोडला. पंधरा मिनिटांनी दोन रेघा उमटल्या. मलेरिया. तीन दिवसांच्या सहा मात्रा मोजून हातात दिल्या, पहिली समोरच गिळायला लावली आणि रजिस्टर ओढून विचारलं, "मच्छरदाणीत झोपता का?" मी खोटं बोललो. तिने तेही लिहून घेतलं असावं.

ही नर्स तिथे का बसते, ते कळायला आधी तिथलं गाव कसं असतं ते सांगायला हवं. गावठाण, पार, मारुतीचं देऊळ हे चित्र डोक्यातून काढून टाका. तिथे घर शेतात असतं. मातीच्या गोल खोल्या एकाच भिंतीने जोडलेल्या, मध्ये अंगण, आत अख्खी भावकी. भोवती त्यांचीच बाजरी, बाजरी संपली की पुढचं घर. अशा पसरलेल्या वस्तीत दवाखाना कुठेही बांधा, तो बहुतेकांना लांबच. तान्हं मूल पाठीला बांधून उन्हात चालत यायचं, तेही 1980च्या दशकापासून 'कॅश अँड कॅरी', म्हणजे आधी पैसे मग औषध. लोक यायचेच नाहीत.

1994 साली नावरोंगोच्या आरोग्य संशोधन केंद्राने उलटा विचार करून पाहिला. नर्सलाच वस्तीत राहायला पाठवायचं. मुखिया आणि वडीलधाऱ्यांनी जागा द्यायची, लोकांनी श्रमदानाने तिचं घर उभारायचं, तिने मोटरसायकलवरून घरोघरी फिरायचं. काही भागांत नर्स न देता नुसते गावातले स्वयंसेवक नेमून पाहिले. नर्स राहिली तिथे 3 वर्षांत बालमृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. नुसत्या स्वयंसेवकांनी त्यात काही फरक पडला नाही. गावातल्या कुणाच्या तरी गळ्यात कामं घालून मोकळं होणाऱ्यांनी हे दुसरं वाक्य पुन्हा वाचावं. 1999मध्ये घानाने हीच पद्धत देशाचं धोरण म्हणून घेतली, तीच ही 'चिप्स'. औषध लावलेल्या मच्छरदाण्यांची मोठी चाचणीही इथलीच, 1993 ते 1995ची. लहान मुलांचे मृत्यू 17 टक्क्यांनी घटले होते. माझ्या खोटेपणाची लाज नंतर वाटली ती यामुळे.

पैशाचं गणित पावसावर चालतं. मे ते ऑक्टोबर काय पडेल तो पाऊस. जून-जुलैत कणग्या रिकाम्या, नवी बाजरी अजून शेतात आणि मलेरियाही नेमका तेव्हाच वाढायला लागतो. घरात रोख म्हणजे गिनी कोंबड्या नाहीतर बायकांनी वेचलेल्या शिया नावाच्या झाडाच्या बिया, दर तिसऱ्या दिवशी भरणाऱ्या बाजारात विकायच्या. 2003च्या कायद्याने आरोग्य विमा आला, पण कार्डाचं दरवर्षी नूतनीकरण लागतं आणि ते नेमकं कोंबड्या संपल्या असताना आठवतं. धरणाखाली टोमॅटो उत्तम येतो, पण दक्षिणेकडच्या व्यापारी बायका ट्रक घेऊन सरळ बुर्किना फासोत जातात. शेतात सडलेला टोमॅटो कसा दिसतो ते नारायणगावच्या माणसाला वेगळं सांगायला नको. मग पोरं कोकोच्या मळ्यांकडे, पोरी अक्राच्या बाजारात डोक्यावर ओझी वाहायला.

कोरड्या महिन्यांचं दुखणं वेगळं. सहाराकडून हरमटानचा धुळीचा वारा सुटतो आणि त्याच्या मागोमाग मेंदूज्वर. 1997च्या साथीबद्दल म्हातारी माणसं अजूनही आवाज खाली करून बोलतात. त्यातल्या ए प्रकारावरची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवली, मात्रेला अर्ध्या डॉलरहून कमी. 2010मध्ये बुर्किना फासोत आणि 2012मध्ये उत्तर घानात ती दिली गेली आणि ए प्रकारच्या साथी थांबल्या. बाकीचे प्रकार अजून येतात. मी पुण्याचा म्हटल्यावर नर्सने मला कारखान्यातलाच समजून मान दिला होता. मीही लगेच खुलासा केला नाही.

अडतं ते रात्री. बाळंतपण अडलं, पाऊस कोसळतोय, ओढा रस्त्यावर आलाय आणि हाताशी वाहन काय, तर 'मोटरकिंग', म्हणजे मागे हौदा असलेली तीनचाकी. त्यात गादी टाकून, वर ताडपत्री धरून नेलेली बाई मी पाहिली आहे. ती आणि बाळ दोघंही सुखरूप परत आली, पण दर वेळी तसं होत नाही.

निघायच्या आधी त्या नर्सचा निरोप घ्यायला गेलो होतो. मागच्या खोलीत तिचा स्टोव्ह चालू होता, दोरीवर गणवेश वाळत होता. तिने विचारलं, "तुमच्याकडे नर्स गावातच राहते ना?"

"राहायचा नियम आहे," मी म्हटलं.

ती बराच वेळ हसली.